लॅपटॉपला जोडलेला दुसरा मॉनिटर लपलप करतो, कूलर बंद केला की हमखास

पऱ्हाटी | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यात आमचं गाव. घराच्या ओसरीतच फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सातबारा, शिष्यवृत्ती, पीक विमा, पॅनकार्ड, जे येईल ते. लॅपटॉप माझ्या बाजूला आणि गिऱ्हाइकाकडे तोंड करून एक २२ इंची मॉनिटर, असं मागच्या दिवाळीपासून मांडलं आहे. त्याआधी एका आजोबांचं नाव आधारवर एक आणि बँकेत दुसरं, एका अक्षराचा फरक, आणि त्यापायी त्यांचे पैसे सहा महिने अडकले होते. तेव्हाच ठरवलं की माणसाला आपलं नाव आपल्या डोळ्यांनी पाहता आलं पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासोबत नात-नातू असतात, ते वाचतात.

एप्रिल लागल्यापासून हा मॉनिटर त्रास देतो आहे. चित्र जातं, दोन सेकंद सगळं काळं, मग परत येतं. मधूनच पांढरे ठिपके दिसतात, काळ्या घोंगडीवर तांदूळ सांडल्यासारखे. दुपारी जास्त. आणि कूलरचं बटण बंद केलं की हमखास. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनला काहीच होत नाही.

मॉनिटर दोन वर्षांचा आहे. एचडीएमआय केबल १० मीटरची, कारण भिंतीवरून, दाराच्या चौकटीवरून फिरवून आणावी लागली. तालुक्याच्या एका दुकानदाराने दुरूनच सांगितलं, "पॅनल गेलं, नवीन घ्या." आठ हजार घालण्याआधी इथे विचारते.

संत्रा_वरूड | १२ मे, रात्री ९:५२

केबल बदला ताई. दहा मीटरची स्वस्तातली केबल म्हणजे दुसरं काही शोधायलाच नको.

मुक्काम_पुणे | १२ मे, रात्री १०:३०

(मूळ गाव मेहकर, पोटापाण्याला पुण्यात. दिवसभर हेच काम करतो.)

ताई, आधी नेमकं काय होतं आहे ते वेगळं करू. लपलप तीन प्रकारची असते. उजेड थरथरतो पण चित्र जात नाही, तर मॉनिटरच्या मागच्या दिव्यांचा किंवा त्याच्या पॉवर सप्लायचा दोष. ठिपके चमकतात, तर सिग्नल अशक्त होऊन पोचतो आहे. चित्र पूर्ण जाऊन दोन सेकंदांनी येतं, तर लॅपटॉप आणि मॉनिटर यांचा धरलेला हात सुटतो आणि ते तो पुन्हा धरतात. तुमच्याकडे दुसरा आणि तिसरा प्रकार दिसतो, म्हणजे पॅनल गेलं हे मला पटत नाही.

उद्या एवढं करून पाहा. चित्र गेल्यावर मॉनिटर 'सिग्नल नाही' अशी पाटी दाखवतो का, आणि ती पाटी स्थिर असते का? स्थिर असेल तर पॅनल आणि मागचे दिवे ठणठणीत आहेत, कारण ती पाटी मॉनिटर स्वतःच काढतो.

मग लपलप चालू असताना टास्क मॅनेजर उघडा. त्याच्यासकट सगळं हलत असेल तर संशय डिस्प्ले ड्रायव्हरवर. तो स्थिर आणि बाकीचं हलतं, तर एखादं सॉफ्टवेअर त्रास देतं आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, तेही एकदा करा.

शेवटचं, डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन त्या मॉनिटरचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढलं जातं तो आकडा, किती लावला आहे ते सांगा.

निवृत्त_मास्तर | १३ मे, सकाळी ६:१५

रिफ्रेश रेट वाचून जुने दिवस आठवले. हिंगणघाटच्या शाळेत पहिले संगणक आले ते पेटीसारखे, काचेच्या नळीचे. ६० हर्ट्झवर ठेवले की पोरांचे डोळे चुरचुरायचे. एक इन्स्ट्रक्टर आला, त्याने ८५ वर नेऊन ठेवले आणि वर्ग शांत झाला. त्या पडद्यावर प्रत्येक रेघ क्षणभर उजळून विझायची, म्हणून आकडा कमी असला की डोळ्याला टोचायचं. आताच्या एलसीडीत तसं नसतं, इथे ६० पुरे होतात.

ताई, गिऱ्हाइकाला पडदा दाखवण्याची तुमची रीत मला फार आवडली. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव चुकलेली माणसं पन्नाशीतही माझ्याकडे येतात.

वायरमन_दारव्हा | १३ मे, सकाळी ७:०५

ताई, सगळे केबल अन् ड्रायव्हर सांगून रायले. तुम्ही मात्र एक गोष्ट लिहिली त्याच्यावर कोणाची नजर नाई गेली. कूलर बंद केला की हमखास. तिथंच थांबा.

दोन गोष्टी सांगा मले. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर लॅपटॉप चालवा अन् कूलर चालू-बंद करून पाहा, लपलप तेवढीच होते का? अन् मॉनिटरच्या मागं जो उघडा स्क्रू असते, त्याले बोटाची मागची बाजू लावा, पायात कोरडी चप्पल घालून. मुंग्या येतात का?

तूरडाळ | १३ मे, सकाळी ८:२०

कारंजा लाडहून. आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज १७० वर येतं, पंखा बैलगाडीच्या चाकासारखा फिरतो. ताई, तुमचंही व्होल्टेजच असणार. स्टॅबिलायझर लावा, प्रश्न मिटला.

आणि चार्जरमुळे होत असेल तर सोपा उपाय आहे. तीन पिनची टू पिन करणारा जोड मिळतो तो लावा. मी लावला, लपलप बंद.

मुक्काम_पुणे | १३ मे, सकाळी ९:००

तूरडाळ, तुमच्या चार्जरवरचा स्टिकर वाचा. 'इनपुट १०० ते २४०' असं छापलेलं असतं. मॉनिटरच्या अ‍ॅडॉप्टरवरही तेच असतं. १७० व्होल्टवर ही दोन्ही यंत्रं आरामात चालतात. पंख्याला आणि फ्रिजला कमी दाबाचा त्रास होतो, यांना नाही. स्टॅबिलायझरचे पैसे वाया जातील.

वायरमन_दारव्हा | १३ मे, सकाळी ९:१०

तूरडाळ भाऊ, तो टू पिनचा जोड आजच काढा. तिसरी पिन अर्थिंगची, गळका करंट जमिनीत नेणारी. लपलप थांबली म्हणून खूश झाले तुम्ही, पण ते राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधल्यासारखं झालं. चोर घरातच आहे.

पऱ्हाटी | १३ मे, रात्री ८:४५

आज दुपारी सगळं करून पाहिलं.

'सिग्नल नाही' ही पाटी येते आणि एकदम स्थिर असते. टास्क मॅनेजर उघडला, तोही बाकीच्यांबरोबरच जातो. ती चार बटणं दाबली, स्क्रीन एकदा काळी होऊन परत आली, फरक काही नाही. रिफ्रेश रेट ७५ आहे, मी लावलेला नाही, आपोआपच तसा होता.

चार्जर लावून कूलर दहा वेळा बंद केला, सात वेळा चित्र गेलं. चार्जर काढून दहा वेळा केला, एकदाच गेलं.

आणि वायरमन दादा, मुंग्या येतात. स्क्रूला बोट लावलं तर बारीक सुया टोचल्यासारखं. खरं सांगायचं तर कूलरच्या पत्र्यालाही येतात. सासूबाई चप्पल घालूनच पाणी भरतात. दरवर्षी थोडं थोडं असतं म्हणून मनावर घेतलं नव्हतं.

वायरमन_दारव्हा | १३ मे, रात्री ८:५८

ताई, मॉनिटर राहू द्या बाजूला. आत्ता उठा अन् कूलरची पिन काढा. बटण बंद करून भागत नाई, पिनच काढा. उद्यापासून पाणी भरायचं तर आधी पिन काढायची, मंग बादली उचलायची. घरात सगळ्याइले सांगा, लेकरांले पण. इकडं दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं माणसं जातात, तुम्ही पेपरात वाचता, मी दारात जाऊन पाहिलं आहे.

करून आल्या की सांगा, मंग पुढचं लिहितो.

पऱ्हाटी | १३ मे, रात्री ९:०६

काढली.

वायरमन_दारव्हा | १३ मे, रात्री ९:५०

आता समजून घ्या काय होऊन रायलं ते.

लॅपटॉपच्या चार्जरात अन् मॉनिटरच्या सप्लायमंदी बारके कपॅसिटर असतात, विजेतली खरखर गाळाले बसवलेले. त्याच्यातून इवलासा करंट अर्थिंगच्या तारेत जाते. अर्थिंग शाबूत असलं तर तो जमिनीत जिरते, कोणाले समजत बी नाई. अर्थिंग तुटलं असलं तर जाणार कुठं? मंग मॉनिटरचा सांगाडा निम्म्या व्होल्टेजवर लटकून रायते, शंभर-एकशेदहाच्या आसपास. करंट लय बारीक असते म्हून नुसत्या मुंग्या येतात. इथपर्यंत जिवाले धोका नाई.

पण तुमच्या घरातल्या सगळ्या तीन पिनच्या वस्तू त्या एकाच हिरव्या, अर्थिंगच्या तारेनं बांधलेल्या आहेत. कूलर, फ्रिज, लॅपटॉप. एकमेकांले बांधलेल्या, अन् जमिनीले कोणीच बांधलेलं नाई. कूलरच्या मोटरमंदी ओल गेली, तिथून गळती झाली, तर ती गळती हिरव्या तारेनं फिरत लॅपटॉपले येते, तिथून एचडीएमआयच्या जाळीतून मॉनिटरले. कूलर बंद करताना मोटर एक झटका मारते. तोच झटका केबलीतून धावते अन् मॉनिटर सिग्नल सोडून देते. चार्जर काढला की रस्ता तुटला, म्हून बॅटरीवर एकदाच गेलं.

आता एखादा मल्टिमीटरवाला माणूस बोलवा. फेज म्हंजे करंट आणणारी तार, न्यूट्रल म्हंजे परत नेणारी. तीन मापं घ्या, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. चांगल्या अर्थिंगमंदी पहिली दोन मापं जवळजवळ सारखी येतात अन् तिसरं दोन-चार व्होल्टच्या आत रायते.

संत्रा_वरूड | १३ मे, रात्री १०:१०

मान गये वायरमनभाऊ. तरी केबलचं माझं म्हणणं मागे घेत नाही, तांदूळ सांडणारी केबल चांगली नसते.

झाडीपट्टी | १४ मे, सकाळी ७:३०

नागभीडवरून. मल्टिमीटर नसेल तर १०० वॅटचा बल्ब होल्डरला लावून एक तार फेजमध्ये आणि एक अर्थिंगमध्ये घाला. बल्ब पूर्ण पेटला तर अर्थिंग बरोबर, मिणमिणला किंवा विझलेलाच राहिला तर खराब. आमच्याकडे सगळे असंच पाहतात.

वायरमन_दारव्हा | १४ मे, सकाळी ७:४४

पाहतात, मी बी पाहतो. पण ताईंच्या घरी तसं करू नका. अर्थिंग तुटलेलं असताना तो बल्ब लावला की फेज बल्बातून थेट हिरव्या तारेत येते. त्या वक्ताले कोणी कूलरले, फ्रिजले हात लावला तर त्याच्या अंगातून जीव घेईल एवढा करंट वाहते. ही परीक्षा घ्यायची तर आधी घरातल्या सगळ्या पिना काढाव्या लागतात, अन् घ्यायची वायरमननंच. मल्टिमीटर तीन-चारशे रुपयाले येते, गावात एक असू द्या.

रानवाट | १४ मे, सकाळी ११:२०

आरमोरीजवळ राहतो. आमच्या मिस्त्रीने बोर्डातच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून दिली. मुंग्या तेव्हापासून गेल्या. हे चालतं का?

वायरमन_दारव्हा | १४ मे, दुपारी १:०५

नाई चालत. आज मुंग्या गेल्या, पण ज्या दिवशी डीपीपासून, म्हंजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, तुमच्या घरापर्यंत न्यूट्रल कुठं तुटंल, त्या दिवशी घरातला बल्ब नाई पेटणार अन् फ्रिजचा पत्रा पुऱ्या फेजवर येईल. वादळात तार तुटणं आपल्याकडं काही नवं नाई. आजच ती जोडणी सोडवून घ्या अन् खरं अर्थिंग करा.

रानवाट | १४ मे, दुपारी १:३०

संध्याकाळी त्याला बोलावतो. घरात लहान पोरगी आहे.

निवृत्त_मास्तर | १४ मे, सायंकाळी ५:४०

आपल्या काळ्या मातीचा इथे मोठा हात आहे. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, तेव्हा अर्थिंग उत्तम चालतं. चैत्र सरता सरता तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या. माती पाइपापासून सुटते, आणि जी उरते तीही वाळून खडखडीत. म्हणून जुनी माणसं अर्थिंग मोरीच्या सांडपाण्याजवळ घ्यायची. आमच्या वाड्यात आजी भांडी विसळलेलं पाणी मुद्दाम त्या कोपऱ्यात टाकायची. तिला कोणी कारण सांगितलं होतं की नाही ठाऊक नाही, पण ती चुकत नसे.

पऱ्हाटी | १४ मे, रात्री ९:१५

मास्तर, तुम्ही मोरीचं लिहिलं आणि मी हातातलं काम टाकून मागच्या अंगणात गेले!

आमचं अर्थिंग मोरीजवळच होतं. फाल्गुनात आम्ही नवीन न्हाणीघर बांधलं, मोरी बुजवली, सांडपाण्याचा पाइप दुसऱ्या बाजूने नाल्यात काढला. अर्थिंगची तार आता न्हाणीघराच्या जोत्याखाली गेली आहे. पुढे ती कुठे जाते ते कोणालाच सांगता येईना. आणि एप्रिलपासून मॉनिटर लपलप करतो आहे.

शेजारच्या गावातून एक जण मीटर घेऊन आला. फेज-न्यूट्रल २०६. फेज-अर्थ ९४, आणि आकडा स्थिर नाही, खालीवर होतो. न्यूट्रल-अर्थ १०८.

वायरमन_दारव्हा | १४ मे, रात्री ९:२२

बस. तार तुटली आहे. जोतं फोडू नका, नवीन अर्थिंग घ्या. अडीच मीटरचा जीआय, म्हंजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, घरापासून दीडेक मीटर दूर, भोवती कोळसा अन् मीठ थराथरानं, वरती पाणी टाकाले नरसाळं अन् झाकण. पाइपापासून मेन बोर्डापर्यंत तार सलग, मंदात जोड नको. अन् मेनले ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. फ्यूज गेल्यावर तार जळायची वाचते, माणूस नाई वाचत. माणसाले आरसीसीबी वाचवते, गळती झाली की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाईन तोडते.

तूरडाळ | १५ मे, सकाळी ८:००

जोड काढला भाऊ. आमच्याकडेही मीटर लावून पाहिलं, फेज-अर्थ १२०. माझंही तेच निघालं. स्टॅबिलायझरचा सल्ला मागे घेतो.

मुक्काम_पुणे | १५ मे, सकाळी १०:१५

थोडं अवांतर, पण याच जातीचं. आमच्या कचेरीत एका मुलीचा मॉनिटर ती खुर्चीवरून उठली की दोन सेकंद काळा व्हायचा. आठवडाभर केबली बदलल्या. शेवटी कळलं, कारण खुर्चीच होतं. गॅसवर वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून माणूस उठताना स्थिर वीज सुटते, तिच्या लहरी केबलमध्ये शिरतात आणि मॉनिटर सिग्नल सोडतो. हे बऱ्याच ठिकाणी नोंदलेलं आहे. हवा कोरडी असली की जास्त. चांगल्या जाळीची केबल लावली आणि थांबलं. केबलच्या टोकाशी ती जी काळी जाड गाठ असते ना, फेराइटची, ती अशाच आगंतुक लहरी अडवायला असते.

संत्रा_वरूड | १५ मे, सकाळी १०:२०

म्हणजे शेवटी केबलच.

मुक्काम_पुणे | १५ मे, सकाळी १०:२४

तुमच्या सहनशक्तीला दाद देतो.

पऱ्हाटी | २१ मे, रात्री ८:३०

झालं काम.

यांनी आणि दिराने मिळून दोन दिवस खड्डा खणला. वरची हातभर माती कुदळीला दगडासारखी लागत होती, खाली गेल्यावर ओल लागली. आधी एक भेग इतकी खोल होती की दिराने तुरीची काडी आत घातली तर अख्खी गेली. पाइप, कोळसा, मीठ, तार, आरसीसीबी आणि वायरमनची मजुरी धरून पाच हजारांच्या आत झालं. नव्या मॉनिटरपेक्षा कमी.

जुनी तारही सापडली. जोत्याच्या कडेला ती गंजून सुतळीसारखी झाली होती, बोटांनी चिमटली तर तुटून हातात आली.

आता मापं अशी: फेज-न्यूट्रल २१०, फेज-अर्थ २०८, न्यूट्रल-अर्थ २. मॉनिटरला मुंग्या नाहीत.

आरसीसीबी बसवल्यावर कूलर लावला तर ती लगेच पडली. तीनदा चढवली, तीनदा पडली. कूलर उघडून पाहिला, पाण्याच्या पंपाच्या तारेचं वरचं रबर उंदरानं कुरतडलेलं, आणि उघडं तांबं टाकीच्या पत्र्याला टेकत होतं. सासूबाई त्याच पत्र्याला धरून पाणी भरायच्या. पाहिल्यावर मी तिथेच खाली बसले.

पंप नवीन घातला. आता कूलर बंद केला की चित्र जात नाही. दिवसातून दोन-तीनदा ते तांदूळ मात्र अजून दिसतात.

वायरमन_दारव्हा | २१ मे, रात्री ८:४१

ताई, आज मले बरी झोप लागंल. पाइपात रोज बादलीभर पाणी टाका पाऊस येईपर्यंत.

संत्रा_वरूड | २१ मे, रात्री ८:५०

राजेहो, आता तरी माझं ऐका. ताई, केबल भिंतीवरून कशी नेली आहे, एक सांगा.

पऱ्हाटी | २१ मे, रात्री ९:०२

पांढऱ्या केसिंग पट्टीतून. त्याच पट्टीतून कूलरच्या बोर्डाची लाईनही जाते, वेगळी पट्टी कशाला म्हणून.

संत्रा_वरूड | २१ मे, रात्री ९:०५

सापडलं!

मुक्काम_पुणे | २१ मे, रात्री ९:४०

संत्राभाऊ, पूर्ण श्रेय तुम्हाला. मीही हे आधीच विचारायला हवं होतं.

ताई, एचडीएमआयची बारीक केबल १० मीटर, तीही विजेच्या तारेला चिकटून. लांबीमुळे सिग्नल आधीच थकलेला, वर शेजारच्या तारेची खरखर. १०८० च्या चित्राला ६० हर्ट्झवर १४८.५ मेगाहर्ट्झचा ठोका लागतो, ७५ वर त्याहून बराच जास्त. थकलेल्या केबलला तो वरचा ताण झेपत नाही, काही ठिपके वाटेत चुकतात आणि तेच तांदूळ होऊन दिसतात.

आधी फुकटचा उपाय, रेट ६० करा. फॉर्म भरायला ७५ चा काहीच फायदा नाही. मग केबल त्या पट्टीतून काढा. टेबलाखालून सरळ नेली तर किती लांबी लागेल? घेताना पाकिटावर 'हाय स्पीड' लिहिलेलं पाहा. '२.०', '१.४' असे आकडे सांगून जास्त पैसे घेतात, पण ते आकडे यंत्रांचे असतात, केबलची वर्गवारी वेगाने होते. आणि केबल लावताना-काढताना दोन्हीकडची वीज बंद ठेवा. मुंग्या येणाऱ्या घरात चालू लाईनवर केबल खुपसली की पोर्ट जळतो, अशी पोर्टं मी पाहिली आहेत.

पऱ्हाटी | २४ मे, दुपारी ४:१०

रेट ६० केल्याबरोबर तांदूळ जवळजवळ थांबले. मग टेबलाला भोक पाडून ३ मीटरची केबल सरळ खालून नेली. दोन दिवस झाले, एकदाही नाही.

झाडीपट्टी | २ जून, सकाळी ९:३०

याच धाग्यावर विचारतो. माझा मॉनिटर जुना, निळ्या पिनचा व्हीजीए. लॅपटॉपला एचडीएमआय, मधे कन्व्हर्टर. अर्ध्या तासाने चित्र गडप होतं, हात लावला तर कन्व्हर्टर तापलेला असतो. अर्थिंग पाहिलं, ठीक आहे.

मुक्काम_पुणे | २ जून, सकाळी ११:००

तो कन्व्हर्टर एचडीएमआयच्या ५ व्होल्टच्या पिनवर जगतो, आणि त्या पिनवर फक्त ५५ मिलिअँपिअरची खात्री असते. बऱ्याच कन्व्हर्टरना त्याहून जास्त लागतात. त्याच्या बाजूला चार्जिंगसारखं छोटं छिद्र आहे का पाहा. असेल तर लॅपटॉपच्या यूएसबीतून तिथे वीज द्या. नसेल तर तसं छिद्र असलेला घ्या.

झाडीपट्टी | २ जून, रात्री ८:१५

छिद्र होतं! दोन वर्षं ते कशाला आहे हेच माहीत नव्हतं. आता दोन तास झाले, चालू आहे.

रानवाट | ९ जून, सायंकाळी ६:५०

कळवायचं राहिलं. न्यूट्रलची जोडणी सोडवून पाइप गाडला. काल इकडे पहिलं वादळ झालं, आंब्याची फांदी पडून आमच्या लाईनची न्यूट्रल तुटली. शेजारी दोन घरं अजून तशाच जुन्या जोडणीवर होती. लाईन गेली असं समजून तिथे कोणी फ्रिजला हात लावायच्या आत मी धावत जाऊन मेन पाडले. आज तिघांनी मिळून आणखी दोन पाइप आणले.

वायरमन_दारव्हा | ९ जून, रात्री ७:१०

शाब्बास भाऊ. पाइप गाडताना फोटो टाका, थर बरोबर आहेत का पाहून सांगतो.

पऱ्हाटी | ८ जुलै, रात्री ९:३०

पाऊस चांगला झाला, पऱ्हाटी दोन-दोन पानांवर आली आहे. आज मीटर लावला, न्यूट्रल-अर्थ १ व्होल्ट.

पीक विम्याची गर्दी सुरू झाली. आज सतरा फॉर्म केले. एका काकूंनी मॉनिटरवर बोट ठेवून सांगितलं, "बाई, माह्या नवऱ्याच्या नावात हा काना नाई." आधार काढून पाहिलं, खरंच नव्हता.

कूलर अजून काढून ठेवलेला नाही, उकाडा आहेच. पाणी भरायची वेळ झाली की सासूबाई आतून आवाज देतात, "पिन काढली का वं?" मी हो म्हणेपर्यंत बादली उचलत नाहीत.

वायरमन_दारव्हा | ८ जुलै, रात्री ९:३८

चप्पल बी घालूच द्या त्याइले.